खोब्रागडे सरांची भाषा मी सुधारली

खोब्रागडे सर उभ्यानं कुठल्याच मुलाशी बोलत नसत. मूल बाकावर असो की जमिनीवर, सर आधी त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि मगच तोंड उघडायचे. दिवसभर ही उठबस चालायची, त्यामुळे त्यांच्या पँटचे गुडघे आधी खडूनं पांढरे व्हायचे आणि काही महिन्यांत विरायचे. शिक्षकखोलीत आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा त्यांना विचारलं, "काय हो, तुमच्याकडे गुडघे वेगळे शिवून मिळतात का?" आम्ही सगळे हसलो. खोब्रागडेही हसले आणि म्हणाले, "उभ्यानं बोललं का पोराच्या डोक्यावरून जाते, सर. बसून बोललं का कानात जाते." तरीही चहा येईपर्यंत आम्ही हसतच होतो.

ते आमच्या हडपसरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून आले ते जून महिन्यात. हातात एक रेक्झिनची बॅग, अंगात नवा पांढरा शर्ट, त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. कारकुनानं मस्टरवर त्यांचं नाव 'खोबरेगडे' असं लिहिलं. सरांनी दोन महिने त्यासमोर मुकाट सही केली. शेवटी माझ्याच लक्षात आलं आणि मी कारकुनाला झापलं, तर सर मलाच समजावू लागले. "राहू द्या नं मॅडम. मी तर मीच आहो." शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं परीक्षा पाहायची, मग अहवाल चांगला असेल तर कायम करायचं. या माणसानं त्या नोकरीसाठी इतकी वर्षं वाट पाहिली होती की कोणाला दुखवून चालणार नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्या हवाली केलं. मी पहिलीला, ते दुसरीला, मध्ये एक भिंत. माझी तेव्हा बावीस वर्षं नोकरी झालेली होती आणि नवीन माणूस घडवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा माझा समज होता. तो अगदीच निराधार होता असंही नाही. मी नारायण पेठेतली. माझं डी.एड. पुण्यातच झालं. आमचा सराव पाठ असला की मागच्या बाकावर एक बाई लाल पेन घेऊन बसायच्या. खडू कसा धरावा, फळ्याकडे पाठ किती वेळ करावी, इथपासून त्यांनी आम्हाला शिकवलं. नोकरी लागल्यावर शेजारच्या वर्गातल्या बाईंनी वर्षभर माझी पाठाची टाचणं तपासून दिली. शिक्षक होण्यासाठी हे सगळं लागतंच, आणि ते सगळ्यांना मिळतंच, असं मला वाटत असे.

खोब्रागडे सर चंद्रपूर जिल्ह्याच्या पार टोकाचे. जंगल सुरू होतं तिथलं त्यांचं गाव. त्यांच्या अध्यापक विद्यालयात एकच सर गणित, विज्ञान आणि बालमानसशास्त्र शिकवायचे, आणि कधीकधी त्यांनाच संस्थेच्या बांधकामावर देखरेख करायला जावं लागायचं. सराव पाठ झाले ते चार इयत्ता एका खोलीत बसणाऱ्या शाळेत. पाठ बघायला कोणी आलंच नाही. पुढे एका आश्रमशाळेत त्यांनी कंत्राटावर पाच वर्षं काढली. तिथे प्रशिक्षणं होत नसत का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होत नं मॅडम. पत्र येई. प्रशिक्षण झाल्यावर येई, पण येई." मग शिकवायला कोणी शिकवलं, या माझ्या प्रश्नावर त्यांनी सरळ उत्तर दिलं, "पोट्ट्यायनंच शिकवलं. त्यायले समजलं नाही का ते आपल्याकडं पाहत नाही. तेवढं एक समजे मले."

पुण्याचं त्यांना कशाचं अप्रूप असेल तर विचारायला माणूस आहे, याचं. मधल्या सुट्टीत ते एक वही घेऊन माझ्याकडे यायचे. हातच्याची बेरीज मुलांच्या गळी कशी उतरवता, जोडाक्षरं कधी घेता, घरी कोणी वाचणारं नसलेल्या मुलाला गृहपाठ काय देता. मी सांगायचे आणि ते लिहून घ्यायचे. महिन्याच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र जमून एखादा पाठ पाहतात आणि चर्चा करतात त्या बैठकीला, आम्ही सगळे तोंड वाकडं करून जायचो. हे मात्र पुढच्या रांगेत बसायचे. परतताना बसमध्ये मला म्हणाले होते, "तुमच्याकडं मास्तर एकटा नाही पडत." मला तेव्हा फार बरं वाटलं. आपण कोणाला तरी हवे आहोत, हे सुख मला नव्यानं मिळत होतं.

त्यांच्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. तिचे आईवडील यवतमाळकडचे, वडील एका सोसायटीत वॉचमन. ती आदल्या वर्षी माझ्या पहिलीत होती आणि त्या अख्ख्या वर्षात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्या आईला बोलावून मी मुलीचे कान तपासून घ्यायला सांगितले होते. आई बिचारी ससून रुग्णालयात जाऊन तपासून आली, कान चांगले होते. दुसरीच्या पहिल्या आठवड्यात मी भिंतीपलीकडून सरांचा आवाज ऐकला, "काहून वो माय, डबा नाही आणला का आज?" आणि त्यावर एक बारीक पण ठणठणीत आवाज, "आणला नं जी. बेसन आहे." मी वर्ग सोडून दारात जाऊन उभी राहिले. प्रणाली बोलत होती. बेसन म्हणजे पिठलं, हे मला मागाहून कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याआधी जे वाटलं ते काही आनंदाचं नव्हतं.

त्या वर्गात अशी बरीच मुलं होती. यवतमाळ, वाशिम, नांदेड, परभणी, कुठून कुठून आलेली. सर बोलू लागले की ती बोलत आणि सरांनी फळ्याकडे पाठ केली तरी त्यांचं बोलणं थांबत नसे. दुसरीचा वर्ग दिवसभर गजबजलेला असे. माझ्या पहिलीत टाचणी पडली तर ऐकू येई, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्यांच्या दुसऱ्या वर्षी आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख तपासणीला आले. हे मुळात चांगले गृहस्थ, पक्के पुणेकर. सरांच्या वर्गात, जो आता तिसरीत गेला होता, शिरले आणि त्यांनी विचारलं, पाढे कुठवर आले? सर उठून अदबीनं म्हणाले, "पाठ करून राहिले, साहेब. दहापर्यंत करून राहिले." तिकडे त्याचा अर्थ इतकाच की मुलं पाठ करताहेत, काम चालू आहे. आमच्या कानाला मात्र 'राहिले' म्हटलं की काहीतरी करायचं राहून गेलेलं ऐकू येतं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'तिसरीचे दहापर्यंतचे पाढे राहिले आहेत. शिक्षकाने भाषेकडे लक्ष द्यावे.' मुलांना त्यांनी एकही पाढा म्हणायला लावला नाही. लावला असता तर नवाचा उलटासुद्धा ऐकायला मिळाला असता.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून शेरेबुक दाखवलं. ते म्हणाले, बाई, पुढच्या वर्षी यांच्या कायम होण्याचा अहवाल मला लिहायचा आहे, हा शेरा वर असताना मी काय लिहू? यांची भाषा तेवढी तुम्ही बघा. मी पाढ्यांचा गैरसमज समजावून सांगायला हवा होता. चुकलं ते ऐकणाऱ्याचं, बोलणाऱ्याचं नव्हे, एवढं एक वाक्य. मी ते म्हटलं नाही. मला उलट उत्साह आला. सरांची नोकरी वाचवायची तर हाच मार्ग, असं मी मनाशी धरलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या जोगतं काम मला मिळालं होतं.

मी दोन रकाने आखून यादी केली. डावीकडे त्यांचं, उजवीकडे आमचं. काहून, का. मले, मला. पोट्टे, मुलं. करून राहिलो, करतो आहे. सर रोज सुट्टीत ती यादी म्हणून दाखवायचे. एका रविवारी मी त्यांना अप्पा बळवंत चौकात घेऊन गेले, व्याकरणाचं पुस्तक घ्यायला. दगडूशेठ गणपतीपाशी गर्दी होती, त्यातून वाट काढत आम्ही दुकानात पोचलो. सरांनी पुस्तक मागितलं ते गडबडीत आपल्या बोलीत. दुकानदारानं मान वर न करता म्हटलं, "मराठीत सांगा." आणि मी हसले. फार नाही, पण हसले. सरांनी खाली पाहिलं आणि तेच वाक्य उजव्या रकान्यातल्या शब्दांत पुन्हा म्हटलं. पुस्तक मिळालं.

परत येताना मी त्यांची समजूत काढायला गेले. म्हटलं, मनावर घेऊ नका, शुद्ध बोलायला लागलात की कोणाची बिशाद नाही काही म्हणायची. त्यांनी पुस्तक बॅगेत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तो शुद्ध शब्द तेवढा नका वापरू. बाकी सगळं शिकतो." मी ज्या घरात वाढले तिथे हा शब्द भाषेलाही लावत आणि पाण्यालाही. सर शाळेच्या वॉचमनला रोज सकाळी 'जय भीम' म्हणत आत येत, ते मी रोज ऐकत होते. तरीही त्यांना काय म्हणायचं आहे हे मला त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर कळलं. मी त्यानंतर तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नाही. यादी मात्र चालू ठेवली.

तिसऱ्या वर्षी शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरायची होती. मुख्याध्यापकांनी ठरवलं की नमुना पाठ खोब्रागडे देतील आणि केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांदेखत शेरा पुसला जाईल. पाठ चित्रवाचनाचा होता. आठवडी बाजाराचं चित्र, मुलांनी पाहून सांगायचं. टाचण मी लिहून दिलं, शब्द न शब्द. महिनाभर आधीपासून वर्गातही असंच बोला, म्हणजे त्या दिवशी जीभ अडखळणार नाही, असंही मीच सांगितलं. आणि पाहुण्यांसमोर सारखं खाली बसू नका, बरं दिसत नाही. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. त्या महिन्यात भिंतीपलीकडचा गलका कमी कमी होत गेला. वर्गाला शिस्त लागली, असं मी शिक्षकखोलीत सांगितलंही.

दुसरीत मिळालेली मुलं सरांनी पुढे सोडली नव्हती. मुख्याध्यापकांना विनंती करून तोच वर्ग ते वर घेऊन जात होते, त्यामुळे प्रणाली आता चौथीत त्यांच्याचकडे होती. पाठाच्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर होती. सर उभे होते, हातात छडी, चित्र मागे टांगलेलं. एकही चूक न करता ते बोलत होते. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात त्यांच्याबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "प्रणाली, या चित्रात तुला काय काय दिसत आहे?"

ती उठली. तिनं सरांकडे पाहिलं, मग वळून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पहिलीत ती अशीच उभी राहायची. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला, तितकाच स्वच्छ. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग सरांनी दुसऱ्या मुलाला विचारलं, त्यानं "बाजार दिसत आहे" असं सांगितलं, आणि पाठ पुढे गेला. शेवटी टाळ्या झाल्या. केंद्रप्रमुखांनी सरांचा हात हातात घेऊन भाषा फार सुधारली म्हणून शाबासकी दिली. शेरेबुकात तसं लिहिलंही. वर्ष संपताना सर कायम झाले आणि मी सगळ्या शाळेला पेढे वाटले.

कायम झाल्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी ते वही न घेता माझ्याकडे आले. शब्द शोधत शोधत म्हणाले, "मॅडम, मी आधी मनात तुमच्या भाषेत करून घेतो आणि मग बोलतो. तेवढ्यात लेकरू दुसरीकडे बघायला लागतं." मूल आपल्याकडे पाहत नाही म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यांना शिकवण्यातलं तेवढं एक कळत होतं आणि ते आता त्यांच्या हातून जात होतं. हे सांगायला ते माझ्याकडे आले, कारण विचारायला माणूस आहे असं त्यांना अजून वाटत होतं. मी म्हटलं, "सवय होईल हो." आणि हातातल्या वह्या तपासत राहिले.

पुढच्या भरतीत त्यांनी पुन्हा फॉर्म भरला, स्वतःच्या जिल्ह्यासाठी. नाव लागलं. कायम झालेली पुण्यातली नोकरी सोडून परत पहिल्यापासून शिक्षणसेवक, तेही दोन शिक्षकी शाळेत. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांची बायको करुणा आणि लहान मुलगी गावीच असायच्या, म्हणून जात असतील, असं जो तो म्हणाला. मी खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला तिकडे बोलता येईल, मॅडम." निरोपाला शाल आणि नारळ दिला. मला त्यांना सांगायचं होतं की माझी चूक झाली. फाटकापर्यंत मी तेवढ्यासाठीच बरोबर गेले आणि पोचलात की फोन करा, एवढं बोलून परत आले.

त्यांनी फोन केला. नंतरही अधूनमधून करायचे. शाळेच्या मागच्या टेकाडावर चढलं तरच फोन लागतो, असं सांगायचे. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातला एक सतत तालुक्याच्या बैठकीला. त्यांना कोणी पाहायला येत नव्हतं आणि विचारायलाही कोणी नव्हतं. मी एकदा हसत विचारलं, आता तरी बोलताय ना मुलांशी मोकळं?  ते म्हणाले, "हो मॅडम. बोलतो आहे." मला हायसं वाटलं. आता मी फोन ठेवायला हरकत नाही, असं वाटलं, आणि पुढे माझे फोन कमी झाले.

दुसऱ्या वर्षी ते गेले. ताप आला, तो त्यांनी अंगावर काढला, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत डोक्यात गेला होता. मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. वय चाळीसच्या आतच. मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी करुणाला फोन लावला; शाळेपाशी लागत नसे, पण त्यांच्या घरी लागला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

तीच बोलत राहिली. माझं नाव सांगताच म्हणाली, "तुमचं नाव लय घेत जी ते. तुमीच त्यायले इतकं साजरं बोलाले शिकवलं." गावात तसं कोणीच बोलत नाही, असं तिनं अभिमानानं सांगितलं. शाळेतली पोरं त्यांना पुणेवाले सर म्हणायची. मान ठेवायची, पण जवळ यायला जरा भ्यायची. मी विचारलं, ते घरी कसं बोलत? घरीही तसंच, ती म्हणाली. तिनंच एकदा त्यांना म्हटलं होतं, निदान माझ्याशी तरी आपलं बोला. "तर म्हणे, करुणा, आता दोन्हीबी आठवून बोला लागते मले. आधीचं आपोआप येत होतं, ते नाही येऊन राहिलं." हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. शिकलेल्या माणसाचं असं होतच असेल, अशी तिची समजूत होती.

 मला तिला सांगायचं होतं की हे शिकणं नव्हतं, माझ्यामुळे तुझ्या नवऱ्याजवळचं जे होतं ते गेलं आणि त्याला घरी येऊनही ते परत मिळालं नाही. मी करुणा म्हणून हाक मारली. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा नं मॅडम, पोरगी आहे इथंच. ते तिलेबी शिकवत होते, तुमच्यासारखं." मग फोनवर खुडखुड झाली, आईनं काहीतरी कुजबुजलं, आणि एक बारीक आवाज एकेक शब्द जपून ठेवत बोलू लागला.

"नमस्कार मॅडम. माझे नाव संघमित्रा आहे. मी पहिलीत शिकत आहे."

एकही चूक नव्हती. पलीकडे ती पोर आणि तिची आई दोघी वाट पाहत होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "छान."